कुणाचा रे तू?

एडिनबरात मी सहा वर्षं राहिले. त्या काळात एक वाद सतत कानावर पडायचा, आणि पुण्याला परतल्यावरही तो डोक्यातून जात नाही. स्कॉटलंडमधल्या क्लॅन सोसायट्या, म्हणजे कुळांची मंडळं, जगवायची की त्यांना आपोआप मिटू द्यायचं? एक बाजू म्हणते, हे सगळं थोतांड आहे. किल्ट म्हणजे पुरुषांचा तो चुणीदार घागरा, टार्टन म्हणजे त्याचं चौकटींचं कापड, आणि चीफ म्हणजे कुळप्रमुख, हा सगळा एकोणिसाव्या शतकात उभा केलेला देखावा आहे. सभासद म्हातारे झालेत, ते गेले की मंडळंही जातील आणि जाऊ द्यावीत. दुसरी बाजू म्हणते, हे आमचं रक्त आहे, शेकडो वर्षांचं. त्यावर शंका घेणारे तुम्ही कोण? दोघंही एकाच चुकीच्या प्रश्नावर हमरीतुमरीवर येतात: हे अस्सल आहे की नाही? माझं म्हणणं सरळ आहे. या सोसायट्या टिकल्या पाहिजेत. हायलंड्सच्या, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातल्या, दऱ्यांतून उठवून लावलेल्या माणसांची आठवण नावागावासकट जपणं हे त्यांचं काम आहे, आणि जगभर पांगलेल्या वंशजांना त्या गावांशी जोडून देईल असं दुसरं घर मला तरी दिसत नाही. पण टिकायचं तर चीफभोवतीचा दरबार व्हायचं सोडून त्यांना या कामाला लागावं लागेल.

उन्हाळ्यात हायलंड्समध्ये खेळांच्या जत्रा भरतात. एकीकडे ओंडका फेकायच्या स्पर्धा, दुसरीकडे पाइप बँड, आणि मैदानाच्या कडेला ओळीने लागलेले कुळांचे तंबू. अशाच एका जत्रेत मी मॅके कुळाच्या तंबूत पावसाचा आडोसा म्हणून शिरले. टेबलामागे सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. समोर कॅनडाहून, ओंटारिओतून आलेली एक बाई उभी होती. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली एका नोंदीची झेरॉक्स होती. गृहस्थांनी तिला आधी हायलंड्सच्या जुन्या गेलिक भाषेत आणि मग इंग्रजीत विचारलं, ‘को लेश ऊ?’ शब्दशः अर्थ, तू कुणाची? मला एकदम आजोळ आठवलं. पारावरची म्हातारी माणसं अनोळखी पोराला नाव विचारत नाहीत, विचारतात, कुणाचा रे तू? त्या प्रश्नात चौकशी असते आणि आसराही असतो. त्या बाईला आपलं आडनाव ठाऊक होतं, गाव ठाऊक नव्हतं. झेरॉक्सवरचं एक अक्षर लागत नव्हतं. गृहस्थांनी चष्मा कपाळावर सारला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, रॉसल. मग त्यांनी नकाशा उलगडून स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात एका जागी बोट ठेवलं. बाई बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिली.

सोसायटी नावाची गोष्ट या अशा कामासाठीच जन्मली, हे वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू विसरतात. ग्लासगोतली ब्युकॅनन सोसायटी १७२५ सालची. हायलंडच्या कुळांचा कणा मोडणाऱ्या कलोडनच्या लढाईला तेव्हा एकवीस वर्षं अवकाश होता आणि टार्टनचं वेड तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. शहरात आलेल्या आपल्या नावाच्या गरिबांना मदत करायची, पोरांना धंदा शिकायला लावायचं, एवढाच तिचा हेतू. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाची खोली असायची, नव्याने आलेल्याला पथारी टाकायला जागा आणि नोकरीची खटपट करायला माणसं मिळायची, त्याच जातीची ही गोष्ट. आणि यातली सगळ्यात बोलकी बाब अशी की ही सोसायटी निघाली तेव्हा ब्युकॅनन कुळाला चीफच नव्हता. जुनी गादी सतराव्या शतकाच्या अखेरीस संपली होती. नवा चीफ मान्य झाला तो थेट २०१८ साली. मधली तीनशेहून अधिक वर्षं कुळाचं काही अडलं नाही. चीफ नसेल तर क्लॅन कसला, असं म्हणणाऱ्यांनी या एका उदाहरणाचं काय करायचं ते सांगावं.

आता विरोधकांचा पहिला मुद्दा घेते, कारण तो खरा आहे. प्रत्येक कुळाचं वेगळं टार्टन ही कल्पना प्राचीन नाही. १८२२ साली ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिनबरात आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने त्या स्वागताचा थाट मांडला, आणि जो पोशाख ७६ वर्षांपूर्वी कायद्याने गुन्हा ठरवला होता तो राजाने स्वतः अंगावर चढवला. पुढे १८४२ साली जुन्या स्टुअर्ट राजघराण्याचे वारस म्हणवणाऱ्या दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताचा हवाला देऊन टार्टनचं पुस्तक काढलं. ते बनावट निघालं, पण त्यातले नमुने आजही विकले जातात. आजचा आखूड किल्टसुद्धा अठराव्या शतकात रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज लोखंड-कारखानदाराने रूढ केला, असं इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ साली मांडलं. कारखानदाराच्या श्रेयाबद्दल वाद आहे, पण बाकीचा मुद्दा मला मान्य आहे. कुणी आपलं टार्टन हजार वर्षांचं म्हणून सांगत असेल तर त्याला थांबवायलाच हवं.

पण कापड नवं निघालं म्हणून नाव खोटं ठरतं का? मॅकग्रेगर कुळाकडे बघा. १६०३ साली या कुळाचं नाव लावणंच गुन्हा ठरवलं गेलं. मॅकग्रेगर म्हणवून घ्यायचं तर मरणाची तयारी ठेवायची. माणसांनी मरी, ग्रॅहम, कॅम्पबेल अशी दुसरी आडनावं घेतली. १६६१ साली बंदी उठली, १६९३ साली पुन्हा लादली गेली आणि कायमची उठली ती १७७४ साली. जवळजवळ पावणेदोनशे वर्षं लोकांनी आपलं नाव घरात दाराआड जपलं, आणि १८२२ साली, राजाच्या त्या थाटामाटाच्या वर्षीच, क्लॅन ग्रेगर सोसायटी उभी राहिली. त्या वर्षाकडे बघून एकाला फक्त नाटक दिसतं. मला त्यात आजोबाचं खरं नाव चारचौघांत पहिल्यांदा मोठ्याने घेणारा नातू दिसतो. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या. नाटकाचा इतिहास लिहिताना नातवाला वगळायचं, हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप याहून जड आहे आणि त्याला झटपट उत्तर नाही. ज्या चीफच्या हाकेवर माणसं मरायला गेली, त्याच चीफांनी पुढे त्यांना घरांतून हुसकलं. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर जॅकोबाइट सैन्य, म्हणजे गादी गमावलेल्या स्टुअर्टांच्या बाजूने लढणारी फौज, तासाभरात मोडलं. त्यानंतर कायद्याने चीफांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेतले. तलवारी गेल्या, न्यायासन गेलं, उरली फक्त जमीन. आणि माणसांपेक्षा मेंढ्यांना जास्त खंड मिळतो हे चीफांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. गेलिकमध्ये या जागी दोन शब्द आहेत. ‘दूखस’ म्हणजे पिढ्यान् पिढ्या एका जागी राबल्याने, राहिल्याने, चीफसाठी लढल्याने आलेला हक्क. तो कुठे लिहिलेला नसतो. ‘ऑयरख्क’ म्हणजे कागदोपत्री वारसा. कष्टकरी माणसं पहिल्यावर विसंबली, चीफांनी दुसरा तिजोरीत ठेवला. आपल्याकडे मिरासदार म्हणायचा, ही माझी मिरास आहे, मला कोण उठवणार? ही तुलना मी ओढूनताणून करत नाही. १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी अहवाल लिहिताना माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने याच मिरासदारांचा हक्क समजून घेऊन नोंदवला होता. एल्फिन्स्टन स्कॉटिश. आणि त्याच १८१९ सालच्या मे महिन्यात त्याच्या मायदेशी, स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात, असाच हक्क सांगणाऱ्या लोकांची घरं पेटवली जात होती.

खोऱ्यातली बहुतेक माणसं मॅके कुळाची, जमीन सदरलंडच्या काउंटेसची. पाच वर्षांपूर्वी, १८१४ साली, तिचा कारभारी पॅट्रिक सेलर याने केलेल्या हकालपट्टीत एक अंथरुणाला खिळलेली म्हातारी घरात असताना आग लावली गेली आणि काही दिवसांत ती दगावली, असा आरोप झाला. १८१६ साली इनव्हर्नेसला खटला चालला. सेलर निर्दोष सुटला. आणि मॅकेंचा स्वतःचा चीफ? त्यानेही १८२९ साली कर्जापायी आपला उरलासुरला मुलूख त्याच सदरलंडांना विकून टाकला.

तर मग अशा चीफांच्या नावाने मंडळं कशाला चालवायची, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर बेटीहिलमध्ये आहे. उत्तर किनाऱ्यावर, फार नावाच्या पॅरिशचं जुनं पांढरं चर्च आता स्ट्रॅथनेव्हर संग्रहालय आहे. आत १७७४ सालचं लाकडी व्यासपीठ अजून जागेवर आहे. खोरं रिकामं करायच्या नोटिसा तिथूनच वाचून दाखवल्या गेल्या, असं तिथे सांगतात. ज्या तोंडून रविवारी देवाचा शब्द ऐकायचा त्याच तोंडून घर सोडायचा हुकूम. आणि त्याच इमारतीत वर मॅके कुळाची खोली आहे, कुळाच्या वस्तूंची आणि इतिहासाची. मी त्या व्यासपीठाच्या कठड्यावर हात ठेवून उभी राहिले. लाकूड गार होतं, हात लागून लागून गुळगुळीत झालं होतं. कुळाचा अभिमान आणि कुळाची फसवणूक एकाच छपराखाली ठेवता येते, एकीसाठी दुसरी लपवावी लागत नाही, हे मला तिथे कळलं. ज्या सोसायटीच्या वार्षिक जेवणात चीफच्या नावाने पेले उंचावले जातात पण हकालपट्टीचा उल्लेखही होत नाही, ती आपल्याच सभासदांच्या पणजोबांशी बेइमान आहे. पण म्हणून सोसायटी मोडायची? मोडली तर त्या नोटिसा ज्यांना वाचून दाखवल्या त्यांची नावं कोण सांगणार? सदरलंडांच्या जमाखर्चात ती खंडाच्या रकमेपुढची नावं आहेत. माणूस म्हणून त्यांना हाक मारणारे फक्त वंशजच.

तिसरा आक्षेप रक्ताचा. अमेरिकेत काही मंडळी क्लॅनच्या नावाखाली गोऱ्या वंशाचा अभिमान मिरवतात, आणि ती भीती खरी आहे. डोंगरांतून लढाईची हाक देणारा जळता क्रूस कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेने कादंबरी आणि सिनेमाच्या वाटेने उचलला, तेव्हा या चिन्हांचा गैरवापर होऊ शकतो हे सिद्धच झालं आहे. पण यावर सगळ्यात पक्कं उत्तर कुळांच्या इतिहासातच आहे. गेलिक ‘क्लान’ म्हणजे मुलंबाळं, हे खरं. पण ही मुलंबाळं एका बापाची कधीच नव्हती. आश्रयाला आलेली माणसं चीफचं आडनाव लावत. फ्रेझरांच्या मुलखात नाव घेणाऱ्या गरिबाला ओटच्या पिठाचं माप मिळायचं, आणि अशांना ‘पिठाचे फ्रेझर’ म्हणायचे. पिठासाठी घेतलेलं नाव लावून त्यांची मुलं कलोडनला पडली असतील, तर ते फ्रेझर नव्हते असं कोण म्हणेल? १८८१ साली त्या माळावर कुळांच्या नावांचे दगड उभे केले. त्यांतल्या एकावर एकाही कुळाचं नाव नाही. नुसतं कोरलंय, मिश्र कुळं. कुणाचं हाड कुणाचं हे लढाईनंतर कुणालाच सांगता आलं नाही, आणि रक्ताची शुद्धता शोधणाऱ्यांनी आधी त्या दगडापुढे जाऊन उभं राहावं.

हाच मुद्दा शेवटपर्यंत न्यायचा तर अवघड जागी पोचतो, आणि तिथे पोचायलाच हवं. सीफोर्थचा फ्रान्सिस हम्बरस्टन मॅकेन्झी हा मॅकेन्झी कुळाचा चीफ. १७९३ साली त्याने ७८वी हायलंड पलटण उभारली. हीच पलटण २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला, आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेली. तिच्याबरोबरची ७४वी हायलंड पलटण तर त्या दिवशी जवळपास कापली गेली. दोन्ही पलटणींना असईची खूण म्हणून हत्तीचं चिन्ह मिळालं. हाच सीफोर्थ तेव्हा बार्बाडोसचा गव्हर्नर होता, आणि दक्षिण अमेरिकेतल्या बर्बीसमध्ये गुलामांच्या श्रमांवर चालणारे त्याचे मळे होते. कुळाचा वारसा सांगायचा तर असईचा माळ त्यात येतो, आमची माणसं येतात, बर्बीसचे गुलामही येतात. आज जमैकात कॅम्पबेल आडनावाची माणसं जागोजागी भेटतात. त्यांच्यापैकी कुणी क्लॅन कॅम्पबेलच्या तंबूत येऊन उभा राहिला आणि त्याला ‘को लेश ऊ?’ विचारलं, तर तो काय सांगेल? माझ्या पणजोबाच्या मालकाचा? त्यालाही नकाशा उलगडून दाखवण्याची तयारी ज्या मंडळाची असेल, त्याच मंडळाला मी खऱ्या अर्थाने जिवंत म्हणेन.

पैशांची तक्रारही ऐकू येते. वाडे मोडकळीला आले, छपरं गळतात, वर्गणीत भागत नाही. खरंच भागत नाही. पण त्यावर दोघांनी शोधलेल्या दोन वाटा माझ्या डोळ्यांपुढे आहेत. २००० साली मॅकलाउड चीफने डनव्हेगनच्या वाड्याच्या दुरुस्तीसाठी स्काय बेटावरची ब्लॅक कुलिन पर्वतरांग एक कोटी पौंडांना विकायला काढली. लोक खवळले. डोंगर कुणाच्या बापाचा, असा सवाल उठला, आणि अखेर तो विकला गेला नाही. छप्पर वाचवायची त्यांची निकड मी नाकारत नाही. ज्याने जुनं घर सांभाळलंय त्याला ती कळते. पण त्याच २००० साली बारा नावाच्या बेटावर उलटं घडलं. तिथल्या मॅकनील चीफने १८३८ साली कर्जात बुडून बेट विकलं होतं. पुढच्या मालकाने माणसं जहाजांत कोंबून कॅनडाला धाडली. शंभर वर्षांनी, १९३७ साली, अमेरिकेत वाढलेल्या वंशजाने समुद्रात उभा असलेला किसिमुल किल्ला आणि बेटाचा मोठा भाग परत विकत घेतला आणि पडका किल्ला नीट बांधून काढला. त्याच्या मुलाने २००० साली तो किल्ला हजार वर्षांच्या करारावर सरकारी वारसा संस्थेच्या ताब्यात दिला. भाडं वर्षाला एक पौंड आणि व्हिस्कीची एक बाटली. काही वर्षांत बेटावरच्या शेतकऱ्यांची जमीनही त्याने स्कॉटिश सरकारच्या हवाली केली, फुकट. ऑयरख्क हातात असलेल्या माणसाने दूखसचा मान राखला, याहून मोठं काम कुठल्या चीफने केलंय? असिंटच्या शेतकऱ्यांनी १९९३ साली आणि एग बेटाच्या रहिवाशांनी १९९७ साली वर्गण्या काढून आपली जमीन स्वतः घेतली, तेव्हा जुना हक्क नव्या कागदावर उतरला. मेजवान्यांवर आणि मानमरातबावर जाणारा परदेशी सभासदांचा पैसा अशा गावांच्या पाठीशी उभा राहावा, यासाठी सोसायट्यांना हलवणारं कुणीतरी हवं.

आणि भाषा. यावर मला सगळ्यात जास्त राग येतो. ‘को लेश ऊ?’ ज्या भाषेत विचारतात, ती बोलता येणारे २०११ च्या जनगणनेत स्कॉटलंडभर जेमतेम ५७ हजार होते. २०२२ मध्ये आकडा ७० हजारांच्या आसपास गेला, पण ती वाढ बरीचशी शाळांतून शिकलेल्यांची. जिथे ती चुलीपाशी बोलली जायची त्या पश्चिमेच्या बेटांवर बोलणारे निम्म्याहून खाली आले. स्कायच्या दक्षिण टोकाला आर्माडेलला क्लॅन डोनाल्डने मोठं केंद्र उभारलं, बाग, संग्रहालय, वंशावळींचं ग्रंथालय. तिथून दोनतीन मैलांवर सावल मोर ओस्तक, १९७३ साली सुरू झालेलं गेलिक महाविद्यालय. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला सकाळी एक आणि दुपारी दुसरं पाहता यायचं, इतकं ते जवळ. वंशावळ शोधायला अटलांटिक ओलांडून येणाऱ्या माणसाला त्याच्या पणजीच्या भाषेतली दहा वाक्यं शिकवून परत पाठवणं हे प्रत्येक कुळाने आपलं काम मानायला हवं. तरुण येत नाहीत म्हणून रडणाऱ्या मंडळांनी आधी हे बघावं की आपण त्यांना करायला काय देतो. रांगेत उभं राहून चीफशी हात मिळवायचा? एडिनबराच्या संशोधकांनी १९५१ पासून गावोगाव फिरून ध्वनिमुद्रित केलेल्या गोष्टी आणि गाणी आज कुणालाही ऐकता येतात. आपल्या खोऱ्यातली एक गोष्ट ऐकून तिचे शब्द उतरवून काढ, असं एखाद्या विशीतल्या पोराला सांगून बघा.

पुण्यात घोले रोडवर महात्मा फुले वस्तुसंग्रहालय आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत मी ते पाहिलं होतं. त्याचं पूर्वीचं एक नाव लॉर्ड रे यांच्यावरून होतं. १८८५ ते १८९० मुंबईचे गव्हर्नर असलेले हे लॉर्ड रे म्हणजे मॅके कुळाचे चीफ. जन्म हेगमधला, कारण घराण्याची ही शाखा सैनिकी नोकरीतून हॉलंडात रुजली होती. कुळाच्या मुलखातली जमीन ते जन्मायच्या दहा वर्षं आधीच विकली गेली होती. आणि ते इथे मुंबई इलाख्याचा कारभार बघत होते तेव्हा, १८८८ साली, तिकडे ग्लासगोत क्लॅन मॅके सोसायटी निघाली. चीफ हजारो मैल दूर, जमीन दुसऱ्याची, आणि तरीही शहरात पोट भरायला आलेल्या माणसांना एकत्र यावंसं वाटलं.

त्या जत्रेतल्या तंबूत पाऊस थांबेपर्यंत मी बसून होते. कॅनडातल्या बाईने विचारलं, रॉसलला आता काय आहे? गृहस्थ म्हणाले, गवताखाली घरांचे पाये आहेत, चालत जाता येतं. मग त्यांनी सभासदांची नोंदवही पुढे ओढली. तिच्यात छापलेले रकाने तीनच होते, नाव, पत्ता आणि वर्गणी. त्यांनी पट्टी घेतली, पानाच्या उजव्या कडेला हाताने आणखी एक उभी रेघ मारली, वर ‘गाव’ असं लिहिलं आणि वही तिच्याकडे फिरवली.